गुलाबी कापसाचं खूळ

परवा न्यू जर्सीतल्या एका मित्राचा फोन आला. घर १९२० च्या आसपासचं, खाली दगडी भिंतींचं उघडंबोडकं बेसमेंट. हिवाळ्यात वरच्या लाकडी जमिनीवर पाय गारठतात, म्हणून हा गडी बेसमेंटच्या छताला आर-१९ चा गुलाबी फायबरग्लास ठोकायला निघालेला. दुकानात सगळे तेच नेतात म्हणे!

नेतात खरं. म्हणून ते बरोबर ठरत नाही.

अहो, पाय गारठतात ते मुख्यतः वाऱ्याने. घरातली गरम हवा वर अ‍ॅटिकच्या फटींतून निसटते आणि तिची जागा घ्यायला खालून थंड हवा आत शिरते. शिरते कुठून? दगडी भिंतीवर घराचा लाकडी सांगाडा टेकतो त्या सांध्यातून, म्हणजे रिम जॉइस्टमधून. फायबरग्लास ही हवा अडवत नाही, फक्त गाळतो. जुना तुकडा काढून बघा, धुळीने काळा पडलेला असतो.

त्यात याची फर्नेस, डक्ट आणि पाण्याचे पाइप सगळं बेसमेंटमध्ये. छत झाकलं की बेसमेंट आणखी गार पडणार, आणि कडाक्याच्या थंडीत पाइप गोठून फुटले तर प्लंबरचं बिल कोण भरणार? शिवाय कागद खालच्या बाजूला ठेवणार होता, "नीटनेटकं दिसतं" म्हणून! तो कागद पेट घेतो, उघडा ठेवायचा नसतो. थंड प्रदेशात तो उबेच्या बाजूला, म्हणजे वर, जमिनीला लागून हवा.

खाली फर्नेस नाही, पाइप नाहीत, नुसती उघडी क्रॉल स्पेस आहे, तर छताला इन्सुलेशन जरूर घाला. याच्याकडे तसं नाही. याने आधी रिम जॉइस्टमध्ये कडक फोमचे तुकडे कापून बसवावेत, कडा स्प्रे फोमने बुजवाव्यात. चिमणीभोवती मात्र फोम नको, तिथे पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंट. भिंतींचं नंतर बघू. दगड ओला असेल तर आधी गटर आणि पाण्याचा उतार. आणि जुन्या पाइपांवर पांढरं प्लास्टरसारखं वेष्टण असेल तर हातही लावू नका, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

फोम आणण्याआधी, वारा सुटलेल्या दिवशी, देवघरातली एक उदबत्ती पेटवून त्या सांध्याजवळून फिरवायला सांगितलंय त्याला. धूर आडवा झाला की तिथे पेन्सिलीने खूण करायची.