नियम बदलला, मैदान मात्र रिकामेच



कुठल्याही शाळेच्या मैदानावर नजर टाका. पाचवी-सहावीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने धावतात, पडतात, गुडघे फोडून घेतात आणि पुन्हा धावतात. आठवी लागली की त्या मैदानाच्या कडेला उभ्या राहतात. नववीत तर खेळाच्या तासाला वर्गातच बसतात. घरी विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, "पडदा आहे ना, मॅडम. खेळाचे कपडे आपल्यात चालत नाहीत." या महिन्यात या उत्तराबद्दलच बोलू. त्यासाठी बास्केटबॉलचे उदाहरण घेते, कारण याच खेळात हा प्रश्न जगभर गाजला आणि त्याचा निकालही लागला.

बास्केटबॉलचा जन्म 1891 साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड या गावात झाला. हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावे म्हणून जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या टांगल्या आणि त्यात चेंडू टाकायला सांगितले. वर्ष-दीड वर्षातच जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने हा खेळ मुलींना शिकवला. म्हणजे बायकांचा बास्केटबॉल जवळजवळ पुरुषांच्या बास्केटबॉलइतकाच जुना आहे. तरी ऑलिम्पिकमध्ये तो यायला 1976 साल उजाडले. अमेरिकेत बायकांची डब्ल्यूएनबीए ही व्यावसायिक लीग आठ संघांनिशी सुरू झाली ती 1997 साली.

व्यावसायिक संघाचा हंगाम म्हणजे नुसते सामने नव्हेत. करार होतो, पगार ठरतो, रोजचा सराव, प्रशिक्षक, दुखापत झाली तर डॉक्टर, गावोगावचा प्रवास हे सगळे आले. एखाद्या बाईला तिच्या हुनरावर रोजी मिळते, हा त्याचा खरा अर्थ. असा एक हंगाम तरी आपल्या वाट्याला यावा म्हणून खेळाडू मुली दहा-बारा वर्षे घाम गाळतात.

आता त्याच स्प्रिंगफील्ड गावातल्या एका मुस्लिम मुलीची गोष्ट ऐका. तिचे नाव बिल्किस अब्दुल-कादिर. डोक्याला स्कार्फ, अंगात लांब बाह्या, पाय पूर्ण झाकलेले, अशा पोशाखात ती शाळेच्या संघातून खेळायची. शाळेच्या कारकिर्दीत तिने 3,070 गुण केले. मॅसॅच्युसेट्स राज्यात तोवर मुलगा असो वा मुलगी, शालेय सामन्यांत इतके गुण कुणीच केले नव्हते. 2009 साली राष्ट्राध्यक्ष ओबामांनी व्हाइट हाउसमध्ये इफ्तार दिला, त्यात तिला खास बोलावणे होते. पुढे अमेरिकेच्या विद्यापीठांच्या सर्वोच्च श्रेणीत हिजाब घालून खेळणारी ती पहिली खेळाडू ठरली.

2014 साली शिक्षण संपले आणि तिने युरोपात व्यावसायिक संघाकडून खेळायची तयारी चालवली. तिथे गाडी अडली. फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार खेळाडूला डोक्यावर पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीपेक्षा जास्त काही घालता येत नसे. सुरक्षेचे कारण दिले जायचे. बिल्किससमोर दोनच वाटा उरल्या, स्कार्फ काढायचा किंवा खेळ सोडायचा. तिने स्कार्फ काढला नाही. तिचा व्यावसायिक हंगाम कधी सुरूच झाला नाही.

ती एकटी नव्हती. त्याच वर्षी कोरियात इंचॉनला आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. कतारच्या महिला संघाला हिजाब काढायला सांगितले तेव्हा मंगोलियाविरुद्धचा सामना न खेळताच तो संघ मैदानातून निघून गेला. त्याच्या दोन-अडीच महिने आधी चीनमध्ये वुहानला भारताच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या शीख खेळाडूंना पगडी काढून खेळावे लागले होते. याच नियमामुळे. म्हणजे हे दुःख आपल्या एकट्या समाजाचे नव्हते.

बिल्किस घरी रडत बसली नाही. तिने सह्या गोळा केल्या, जागोजाग भाषणे दिली. जगभरातून खेळाडू, शीख संघटना, अनेक देशांचे संघ या मागणीत उतरले. शेवटी मे 2017 मध्ये फिबाने नियम बदलला आणि 1 ऑक्टोबर 2017 पासून डोके झाकून खेळायला परवानगी मिळाली. अटी साध्या आहेत. चेहरा उघडा हवा. कापड काळे, पांढरे किंवा संघाच्या गणवेशाच्या रंगाचे हवे. ज्या ज्या खेळाडू डोके झाकतील त्यांचा रंग एकच हवा. पिना, बटणे, लोंबती टोके नकोत, म्हणजे दुसरीला इजा होणार नाही. दंड आणि पाय झाकणारे घट्ट कपडेही चालतात, फक्त संघात रंग एक हवा.

हा बदल झाला तोवर बिल्किसची उमेदीची वर्षे निघून गेली होती. फायदा झाला तो तिच्या मागून येणाऱ्या मुलींना. फ्रान्समध्ये मात्र तिथल्या संघटनेने 2022 साली देशातल्या सामन्यांत डोके झाकायला उलट बंदी घातली. अमेरिकेत विद्यापीठाकडून हिजाब घालून खेळलेली दियाबा कोनाते ही फ्रेंच खेळाडू आपल्याच देशात खेळू शकत नाही. म्हणजे लढाई सगळीकडे संपलेली नाही.

पण भगिनींनो, आपण फ्रान्समध्ये राहत नाही. इथे प्रश्न आपल्याला विचारायला हवा. हिजाबवर बंदी होती तेव्हा आपल्याला राग आला, तो योग्यच होता. बंदी उठल्यावर आपण आपल्या किती मुलींना मैदानावर पाठवले? जो दरवाजा दुसऱ्यांनी बंद केला होता तो त्यांनी उघडला. आता तो आतून आपणच लावून घेतलेला असेल तर तक्रार कुणाकडे करायची?

बास्केटबॉल आपल्याला परका मुळीच नाही. मुंबईचे नागपाडा म्हणजे मुस्लिम वस्तीचा भाग. तिथल्या नागपाडा नेबरहूड हाउसने आणि मस्तान तलावाच्या मैदानाने पिढ्यान् पिढ्या बास्केटबॉलपटू घडवले. 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे, भारताचे कर्णधार झालेले अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे. चिंचोळ्या गल्ल्यांतल्या मुलांनी एका कोर्टाच्या बळावर देशाचा संघ गाठला. मग तीच संधी त्यांच्या बहिणींना का नको?

महाराष्ट्रातल्या मुली या खेळात कुठवर जातात ते पुण्याच्या शिरीन लिमयेकडे पाहून कळते. भारतीय महिला संघाची ती कर्णधार झाली. शिरीन हा फारसी शब्द, अर्थ गोड. लिमयांच्या घरात हे नाव सहज नांदते, हेही मला गोड वाटते. अमेरिकेसारखी भक्कम महिला लीग आपल्याकडे रुजलेली नाही. आपल्या खेळाडू मुलींना आधार मिळतो तो मुख्यतः रेल्वेसारख्या खात्यांतल्या नोकरीचा. नोकरीही करायची आणि खात्याच्या संघातून खेळायचेही. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतही गुणवंत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. मुलीच्या लग्नाचा खर्च मोजणाऱ्या घरांनी हा हिशेबही एकदा मांडून पाहावा.

काही अम्मी मला दुसरे सांगतात, "कपड्यांचे सोडा मॅडम, बाहेरगावी सामना असला तर सोबत कोण?" ही काळजी खरी आहे, तिला हसून उडवता येणार नाही. पण तिला उपाय आहे. संघाबरोबर शिक्षिका असलीच पाहिजे, हे पालकांनी शाळेला ठणकावून सांगावे. दोन-तीन मातांनी पाळीपाळीने सोबत जावे. सराव मगरिबच्या आधी संपावा. मुलींसाठी मैदानाचा वेगळा तास मागावा. मुंब्र्यात 'परचम' या संस्थेने असाच आग्रह धरून मुलींना फुटबॉलच्या मैदानावर आणले. तिथे हिजाब घातलेल्या आणि न घातलेल्या, मुस्लिम आणि हिंदू मुली एकत्र खेळतात.

दीनचे म्हणाल तर हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर रसूलुल्लाह (स.) यांनी शर्यत लावल्याची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पहिल्या वेळी हजरत आयेशा पुढे गेल्या, नंतरच्या वेळी रसूलुल्लाह (स.) पुढे गेले आणि मागची फेड झाली म्हणून हसले. ज्या घराकडे आपण आदर्श म्हणून पाहतो, त्या घरात बाईचे धावणे ऐब नव्हते.

आमच्या प्रकाशासारख्या तापीकाठच्या गावात बंदिस्त स्टेडियम कुठून येणार? त्याची गरजही नाही. पूर्ण कोर्ट 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असते, पण सुरुवातीला त्याच्या अर्धी सपाट जागा पुरते. लोखंडी खांब, एक फळी, 3.05 मीटर उंचीवर कडे. लहान मुलींसाठी 2.60 मीटरवर. मुलींचा चेंडू 6 नंबरचा घ्यावा, मुलांच्या 7 नंबरपेक्षा तो थोडा लहान आणि हलका असतो. गावातला वेल्डर हे काम करून देईल. शालेय क्रीडा स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील मुलींचे गट असतात. संघ जिल्ह्यात जिंकला तर नाशिक विभागात आणि तिथून राज्यावर जातो. वाट आखलेली आहे, चालणारी पावले हवीत.

म्हणून एकच विनंती. जूनमध्ये शाळा उघडली की मुलीच्या दप्तरात एक काळा, बिनपिनांचा, घट्ट बसणारा स्कार्फ ठेवा आणि वर्गशिक्षकांना सांगा, "आमची मुलगी खेळेल." तिचा हंगाम किती मोठा व्हायचा ते अल्लाह ठरवेल. तो सुरू करून देणे आपल्या हाती आहे.