छपरावरचा आडपडदा

जुन्या वाड्यांत मोरी, जळणाची कोठी आणि शौचकूप हीं मागील दारीं असत. त्यांवांचून घर चालत नसे; परंतु आल्यागेल्याच्या नजरेस तीं प्रथम पडूं नयेत, असा रिवाज होता. आजच्या कारखान्याला असें मागील दारच उरलेलें नाहीं. आवार मालमोटारींनीं व्यापलें आणि हवा थंड करणारीं, वाफ व धूर ओढून टाकणारीं यंत्रें छपरावर जाऊन बसलीं. तीं झांकावींत कशीं, हा प्रश्न वरवर पाहतां शोभेचा वाटतो. पण त्यांत शेजाऱ्याची झोंप गुंतलेली आहे.

अमेरिकेंतील पुष्कळ गांवांत कारखाना बांधूं इच्छिणाऱ्यास आपले नकाशे प्रथम नियोजन मंडळापुढें ठेवावे लागतात. छपरावरील यंत्रें रस्त्यावरून व वस्तींतून दिसणार नाहींत, हें त्यानें दृष्टिरेषा आंखून दाखवावयाचें असतें. आणि शेजाऱ्यांना भर सभेंत आपलें म्हणणें मांडतां येतें.

ही दृष्टिरेषा म्हणजे शाळेंतल्या समरूप त्रिकोणांचेंच गणित होय. समजा, छप्पर १० मीटर उंच आहे, त्यास कठडा नाहीं, आणि २ मीटर उंचीचें यंत्र कडेपासून ८ मीटर आंत ठेविलें आहे. भिंतीपासून ३० मीटरांवर उभ्या असलेल्या मनुष्याचा डोळा जमिनीपासून दीड मीटरावर धरला, तर त्याची नजर छपराच्या कडेवरून निघून यंत्रापाशीं पोंचते तों सव्वादोन मीटर वर गेलेली असते. अर्थात् यंत्र त्यास दिसत नाहीं. तोच मनुष्य ६० मीटरांवर गेला, कीं यंत्राचा वरचा सुमारें ८५ सेंटिमीटर भाग त्यास दिसूं लागतो. जवळच्यापासून लपलेलें दूरच्याला दिसतें, तें असें! आणि समोरच्या इमारतींत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यास तर सारें छप्परच ताटांत वाढल्यासारखें दिसतें. म्हणून नकाशा कोणत्या डोळ्यासाठीं काढला आहे, हें आधीं विचारावें.

झांकण्याची गरजच काय, असें म्हणणारेही आहेत. पॅरिसमधील पोंपिदू केंद्राच्या रचनाकारांनीं १९७७ सालीं उघडलेल्या त्या इमारतीच्या नळ्या मुद्दाम बाहेर काढून रंगविल्या: हवेच्या निळ्या, पाण्याच्या हिरव्या, विजेच्या पिवळ्या. परंतु तेथें यंत्रणा हाच इमारतीचा अलंकार केलेला आहे. साध्या कारखान्याच्या छपरावर वेडींवांकडीं पडलेलीं यंत्रें उघडीं ठेवल्यानें कांहीं तें सौंदर्य येत नाहीं.

मात्र पडदा म्हणजे नुसता पत्रा उभा करणें नव्हे. शीतक यंत्राला श्वास घ्यावा लागतो. भिंत अगदीं अंगाशीं आणली, तर त्यानें बाहेर टाकलेली ऊन हवा पुन्हां तेंच आंत ओढतें, वीज अधिक जाळतें आणि भर उन्हाळ्यांत बंद पडतें. शिवाय पडदा वाऱ्याला शिडासारखा अडवितो. त्याचा भार तुळयांवर नीट उतरविला नाहीं, तर खांबांच्या बुडाशीं गिलावा फुटून पहिल्याच पावसांत गळती लागते.

याहून मोठी गोष्ट आवाजाची. वारा जाऊं देणारी तिरप्या पट्ट्यांची जाळी डोळ्याला फसविते, कानाला नाहीं. भरीव व फटी नसलेला पडदा आवाज कांहींसा अडवितो. पण खोल घुमणारा आवाज वरून वळून पलीकडे जातोच. ॲरिझोना राज्यांतील चँडलर शहरीं संगणकांची माहिती सांठविणाऱ्या एका केंद्राच्या शीतक यंत्रांच्या अखंड घरघरीनें शेजारची वस्ती वर्षानुवर्षें त्रासली होती. अखेर त्या यंत्रांना ध्वनिरोधक वेष्टनें गुंडाळावीं लागलीं. आणि असें केंद्र बांधण्यापूर्वीं ध्वनीचा अभ्यास सादर केला पाहिजे, असा नियम शहरानें २०२२ सालीं केला.

आपल्याकडेही औद्योगिक वसाहतींच्या कुंपणाला घरें येऊन भिडलीं आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत औद्योगिक भागांत ७० डेसिबल, तर रहिवासी भागांत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालें कीं एका यंत्राचा आवाज सुमारें ६ डेसिबल उतरतो; त्या हिशेबानें १० मीटरांवर ७० असलेला आवाज नुसत्या अंतरानें ४५ वर यावयास जवळजवळ १८० मीटर लागतात. कुंपणाला लागून असलेल्या घरापाशीं एवढी जागा कोठून आणावी?

यास्तव आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे कारखाने आहेत त्यांना, आणि ज्यांच्या खिडक्या अशा कारखान्यांकडे उघडतात त्यांनाही, एवढेंच सांगणें आहे कीं, बोलण्याची वेळ नकाशा कागदावर असतांनाच असते. त्या वेळीं यंत्र वस्तीपासून दूरच्या टोंकास सरकविण्यास खोडरबरापलीकडे खर्च नाहीं. मंद गतीचा मोठा पंखा निवडतां येतो, पडद्याच्या खांबांना आधार ठेवतां येतो. इमारत उभी राहिल्यावर मात्र तेंच काम दसपट महाग पडतें, आणि शेजारधर्म तुटतो तो निराळाच.