बालगुन्हेगारी : दोष कोणाचा, जबाबदारी कोणाची?



मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीने दिलेल्या धडकेत दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना ज्या अटी घातल्या, त्यात अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अटही होती. देशभर संताप उसळला आणि काही दिवसांतच मंडळाने आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं.

निबंध हा तर आम्हा शिक्षकांचा रोजचा विषय. शाळा सुरू झाल्यावर दहावीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, माणसं मेली तरी फक्त निबंध?" प्रश्न रास्त होता. पण एका वाक्यात उत्तर देण्यासारखा नव्हता. तेच उत्तर आज इथे सविस्तर मांडतो.

आधी एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एक परिवीक्षा अधिकारी आमच्या शाळेत आले. आमच्या एका माजी विद्यार्थ्याची चौकशी करायची होती. तो दोन मोठ्या मुलांबरोबर रात्री दुचाक्या चोरताना सापडला होता. कायद्याने अशा मुलाचा सामाजिक तपास अहवाल तयार करावा लागतो. घर कसं, संगत कोणती, शाळेत कसा होता, हे सगळं त्यात येतं.

मी त्याचं हजेरीपत्रक काढलं. आठवीत जून-जुलैमध्ये नियमित हजर. ऑगस्टमध्ये आठ दिवस गैरहजर. ऑक्टोबरमध्ये सतरा दिवस. त्याच सुमारास वडील घर सोडून गेले होते आणि मुलगा गॅरेजवर कामाला लागला होता. हे मला कळलं ते त्या अधिकाऱ्यांकडून, दीड वर्षाने! आम्ही शेरा मारला होता, "अभ्यासात लक्ष नाही." नववीत त्याने एकदा वर्गात मारामारी केली, तेव्हा आईला बोलावून सांगितलं, "दाखला घेऊन जा." बिचारी सही करून गेली.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्ही त्याच्या घरी कधी गेला होता का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

यात दुसरी बाजूही आहे. चोरीला गेलेल्या दुचाक्यांपैकी एक घरोघर दूध घालणाऱ्या माणसाची होती. गाडी सुटी करून विकली गेली, त्याचा धंदा बसला आणि हप्ते मात्र चालू राहिले. त्या माणसाला मुलाच्या परिस्थितीची कहाणी ऐकवून काय उपयोग? त्याचं नुकसान खरंच होतं. म्हणून बालगुन्हेगारीवर बोलताना दोन्ही माणसं डोळ्यांसमोर ठेवली पाहिजेत, तो मुलगाही आणि तो दूधवालाही.

मुलं गुन्ह्याकडे का वळतात?

1. घराचं छप्पर हरवणं : गरिबी हे कारण सर्रास सांगितलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. लाखो गरीब घरांतली मुलं सरळ मार्गाने मोठी होतात, आणि श्रीमंत घरातली मुलंही गुन्ह्यात सापडतात. मोठा फरक पडतो तो घरात विचारणारं माणूस आहे की नाही याने. भांडणं, दारू, मारहाण किंवा नुसतं दुर्लक्ष, यांतून मूल बाहेर आधार शोधू लागतं.

2. शाळा सुटणं : शाळा सुटली की दिवसाचे सहा तास रिकामे होतात. ते भरायला कोणीतरी टपलेलंच असतं.

3. संगत आणि 'भाई' होण्याची हौस : कोयता हातात घेऊन रील टाकणारी पोरं आपण पाहतो. ज्याला वर्गात कधी शाबासकी मिळाली नाही, त्याला तिथे शेकडो लाइक मिळतात. मान मिळवण्याची भूक प्रत्येक मुलाला असते. ती चांगल्या जागी भागली नाही, तर वाईट जागी भागते.

4. नशा : गुटख्यापासून सुरुवात होते आणि पुढे व्यसनासाठी पैसे लागतात.

5. मोठ्यांनी केलेला वापर : "तू लहान आहेस, तुला काही होणार नाही," असं सांगून मुलांना पुढे केलं जातं. माझ्या मते हे सर्वांत घातक कारण आहे आणि यावर सर्वांत कमी बोललं जातं.

गुन्ह्याची जबाबदारी : काही मूलभूत तत्त्वे

आता कायद्याकडे वळू. कुठलीही कृती गुन्हा ठरवण्यासाठी साधारणपणे दोन गोष्टी लागतात : बेकायदेशीर कृती आणि तिच्यामागचं दोषी मन. बाकावरची दुसऱ्याची छत्री आपलीच समजून नेली, तर ती चोरी नाही. त्याची आहे हे माहीत असून, लबाडीने नेली तर चोरी. नुसता मनात विचार आला, तर त्याला शिक्षा नाही. काही गुन्ह्यांत मात्र हेतू नसला तरी बेदरकारपणा किंवा हयगय पुरेशी ठरते. भरधाव गाडी चालवणाऱ्याला कोणाला मारायचं नसतं, तरीही तो जबाबदार असतो.

दुसरं तत्त्व, दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानला जातो, आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते.

तिसरं, "मला कायदा माहीत नव्हता" हा बचाव चालत नाही.

चौथं तत्त्व प्रत्येक मुलाने पाठच करावं. समान उद्देशाने अनेकांनी मिळून गुन्हा केला, तर त्यातला प्रत्येक जण तो एकट्याने केल्यासारखाच जबाबदार असतो. आमचा तो विद्यार्थी अधिकाऱ्यांना सांगत होता, "मी गाडीला हातपण लावला नाही, मी फक्त कोपऱ्यावर उभा होतो." त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं की आपण काही केलंच नाही. पण सगळं ठरवून, ठरल्याप्रमाणे पहारा देणं म्हणजे गुन्ह्यात भाग घेणंच आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला हे त्याला कोणी सांगितलं होतं का? नाही!

वय आणि जबाबदारी

दोषी मन हवं, म्हणूनच वयाला महत्त्व येतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालच्या मुलाची कोणतीही कृती गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृतीचं स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता आली नसेल, तर तोही गुन्हा ठरत नाही. जुन्या दंड संहितेतही हेच होतं.

त्यापुढे अठरा वर्षांपर्यंत बाल न्याय अधिनियम, 2015 लागू होतो. कायदा अशा मुलाला गुन्हेगार न म्हणता 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला. मंडळ त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवू शकतं. त्याचं नाव, फोटो, शाळा छापायला मनाई आहे.

म्हणजे 'अल्पवयीनांना काही होत नाही' हा समज चुकीचा आहे. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतील अत्याचार प्रकरणात एक आरोपी अठराच्या आतला होता. त्यानंतर झालेल्या चर्चेतून 2015 च्या कायद्यात बदल आला. किमान सात वर्षं शिक्षा असलेला निर्घृण गुन्हा सोळा वर्षांवरील मुलाने केल्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचं आणि परिणाम समजण्याच्या कुवतीचं प्राथमिक मूल्यांकन करतं. गरज वाटल्यास खटला प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवता येतो.

आणखी एक गोष्ट शिक्षकांसाठी. वय ठरवताना सर्वांत आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहतात. पूर्वी गुरुजी तारीख माहीत नसेल तर सरळ 1 जून लिहून टाकायचे, आपण त्यावर विनोदही करतो. पण त्या जनरल रजिस्टरमधल्या एका ओळीवर एखाद्या मुलाचं सगळं आयुष्य फिरू शकतं.

माझं मत

प्रत्येक मोठ्या घटनेनंतर मागणी होते, "वयाची मर्यादा कमी करा." मला ही मागणी समजते, पण पटत नाही. मर्यादा चौदावर आणली, तर मुलांना वापरणारे तेरा वर्षांचा मुलगा शोधतील. त्यापेक्षा मोठ्यांवर बोट ठेवणाऱ्या कायद्यांची अंमलबजावणी कडक हवी. बेकायदेशीर कामासाठी मुलांना वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड आहे. तरीही आमच्या शाळेबाहेर रोज आठवी-नववीची मुलं गाड्या लावतात. चावी कोणी दिली?

शिक्षा नकोच, असं मी म्हणत नाही. केलेल्या नुकसानीची जाणीव मुलाला झालीच पाहिजे. त्या मुलाला दूधवाल्यासमोर बसवून त्याचं बोलणं ऐकायला लावलं असतं, तर ते मला कोणत्याही निबंधापेक्षा मोलाचं वाटलं असतं. पण जबाबदारीची वाटणी करताना ती शेवटच्या, सर्वांत लहान माणसावर संपू नये.

तो मुलगा पुढे सुटला. त्याने आमच्याकडे परत प्रवेश मागितला नाही, आणि आम्हीही बोलावलं नाही. ही दुसरी चूक. आता माझा एक नियम आहे. कोणी सलग तीन दिवस गैरहजर असेल, तर चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या घरी जायचं. दरवेळी काही मोठं कारण निघत नाही. कधी नुसता ताप असतो. चहा पिऊन परत येतो.

विचार करा आणि लिहा

1. 'मी फक्त उभा होतो' हा बचाव का चालत नाही? उदाहरण देऊन सांगा.
2. कृती आणि दोषी मन यांतील संबंध स्पष्ट करा.
3. तुमच्या वर्गात सध्या कोण गैरहजर आहे? का, हे तुम्हाला माहीत आहे का?