मत वेगळे, म्हणून शेजार तोडावा काय?

शेतकरी, मच्छीमार व कारागीर बांधवहो,

वाढवणच्या बंदराने आमच्या किनाऱ्यावर निराळीच भरती आणली आहे. १९९८ साली डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने हे बंदर येथे होता कामा नये असे ठरविले. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली अटी घालून होकार दिला. जून २०२४ मध्ये दिल्लीच्या मंत्रिमंडळाने ७६ हजार कोटींवर रक्कम मंजूर केली व ३० ऑगस्टला पालघरास पायाभरणी झाली. न्यायमूर्ती आणि मंत्री यांची मते अशी फिरतात, ते चालते. मग धाकट्या डहाणूत एका भावाने जाळ्याकडे पाहून 'बंदर नको' म्हणावे आणि दुसऱ्याने पोराच्या नोकरीकडे पाहून 'येऊ द्या' म्हणावे, यात आकाश कोसळण्यासारखे काय आहे? आमचे मत विचाराल तर बंदर नको असेच आहे. ते आम्ही लपवीत नाही. परंतु नोकरी मागणारा बाप आमचा वैरी कसा झाला, हे आम्हांस कोणी समजावून द्यावे.

मतपेटीचेही तसेच. २०२४ च्या मे महिन्यात पालघरने लोकसभेस भाजपचा खासदार पाठविला; त्याच वर्षी नोव्हेंबरात डहाणूने विधानसभेस लाल बावट्याचा आमदार पुन्हा निवडला. म्हणजे एकाच विहिरीचे पाणी पिणारी माणसे दोन वाटांनी गेली. कोणी तर सहा महिन्यांत दोन्ही वाटांनी गेले असतील! ती विहीर काही आटली नाही.

आम्हांस भीती वादाची नाही, वाळीत टाकण्याची आहे. याच्या लग्नास जाऊ नका, त्याच्या मयतास खांदा देऊ नका, याची मासळी घेऊ नका, त्याच्या दुकानातून मीठ आणू नका, ही भाषा आमच्या कानांस नवी नाही. भटजी आणि जातपंचायत यांनी आमच्या वाडवडिलांवर हेच हत्यार चालविले. जोतीराव फुल्यांस मुलींना शिकविले म्हणून १८४९ साली बापाचे घर सोडावे लागले, तेही याच धाकाने. ज्याचे वळ आपल्या पाठीवर आहेत तोच आसूड उचलून आपण शेजाऱ्यावर उगारावा, याहून लाजिरवाणे काय? महाराष्ट्र सरकारचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून अमलात आहे. त्यात राजकीय कलावरून भेद करणेही गुन्हाच धरले असून तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. गावच्या पुढाऱ्यांनी तो एकदा वाचून घ्यावा.

आणि जोतीराव स्वतः कसे वागले? १८८२ साली कोल्हापूरच्या महाराजांची बाजू घेतल्यावरून टिळक व आगरकर यांजवर अब्रुनुकसानीचा खटला झाला. हे दोघे कोण? ज्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत जोतीरावांची यथेच्छ टवाळी केली, त्यांच्याच बरोबरीने 'केसरी' काढणारे. 'बरे झाले, भोगा आता' असे म्हणण्यास जागा होती. परंतु जोतीरावांचे स्नेही रामशेट उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन भरला. त्या काळचे दहा हजार, बरे! डोंगरीच्या तुरुंगातून दोघे सुटले तेव्हा सत्यशोधकांनी त्यांचा सत्कारही केला. म्हणून जोतीरावांनी आपले मत तसूभर सोडले काय? मुळीच नाही. पुढे 'शेतकऱ्याचा असूड' लिहून त्यांनी भटशाहीस पूर्वीहून कडक सुनावले.

तेव्हा 'गोड बोला, गप्प बसा' असे आम्ही सांगत नाही. येत्या ग्रामसभेत दोन्ही बाजूंनी घसा बसेपर्यंत बोलावे. बंदर हवे म्हणणाऱ्यांनी नोकऱ्या किती, कोणास, कोणत्या कागदावर, हे दाखवावे. नको म्हणणाऱ्यांनी मासळी कोणत्या पट्ट्यात जाईल, डायच्या कारखान्यातील कारागिराचे काय होईल, चिकूच्या वाडीवर राबणाऱ्या वारली मजुराचे काय होईल, हे मांडावे. आईबहिणीवरून शिवी देणाऱ्यास, तो आपल्या बाजूचा असला तरी, आपणच खाली बसवावे. सभा उठल्यावर कोणाची होडी चिखलात रुतलेली दिसली तर दोर धरावयास दोन्ही पक्षांची माणसे लागतील. ओहोटी काही ठराव मंजूर होईपर्यंत थांबत नाही.