कुलूप जुनेच हवे?

संगणकाची प्रणाली अद्ययावत झाली की पहिला बळी जातो तो लेखनाच्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या जुन्या एक्स्टेन्शनचा. मराठी टंकनाची सोय असो, शुद्धलेखन-तपासनीस असो वा फॉन्ट बदलून देणारी जोडणी असो. वर्षानुवर्षे निमूट काम करणारी ही साधने एकाएकी उघडेनाशी होतात. मराठी विभागांतून मग एकच मागणी उठते : 'होते तसे परत करून द्या.' आमचा आक्षेप या मागणीलाच आहे.

एक्स्टेन्शन हे बांडगूळ असते. झाड गेले की तेही सुकते. 1 जानेवारी 2020 रोजी पायथन 2 या संगणकभाषेचा अधिकृत सांभाळ संपला. 15 डिसेंबर 2022 रोजी ॲटम हा टेक्स्ट एडिटर बंद झाला आणि त्याच्यासाठी लिहिलेल्या जोडण्या निराधार झाल्या. यात अघटित काहीच नाही. प्रश्न एवढाच, की जोडणी गेल्यावर आपला मजकूर शाबूत राहतो काय?

युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर राहत नाही. तेथे फाइलमध्ये साठवलेले असतात ते रोमन अक्षरांचे व चिन्हांचे क्रमांक. देवनागरी हा केवळ फॉन्टने चढवलेला मुखवटा असतो. तो निघाला की खाली निरर्थक चिन्हांची रास उरते. युनिकोडमध्ये मात्र 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीचा कोणताही युनिकोड फॉन्ट लावा, 'क' हा 'क'च राहतो. शुद्धलेखन-तपासनिसाचेही तसेच. हनस्पेलमध्ये शब्दयादी आणि प्रत्ययांचे नियम साध्या मजकुराच्या दोन फाइलींत असतात. वेष्टन कालबाह्य झाले, तरी यादी नव्या वेष्टनात घालता येते.

महानुभावांची सकळ लिपी आपण वर्गात शिकवतो. किल्ली हाती येईपर्यंत त्या लिपीतले ग्रंथ पंथाबाहेरच्या अभ्यासकांसाठी मुके होते, हेही सांगतो. महानुभावांनी ती लिपी हेतुपुरस्सर योजली होती. आपण मात्र प्रबंध, नियतकालिकांचे अंक आणि संपादित संहिता नकळत तशाच कुलुपात ठेवीत आहोत, आणि वर कुलूप जुनेच हवे असा हट्ट धरीत आहोत!

'हे तंत्रज्ञांचे काम' हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. रूपांतरात 'आचाऱ्यांना'चे 'आचार्यांना' झाले, तर स्वयंपाकी थेट गुरुपदी बसतात. मराठी न जाणणाऱ्या तंत्रज्ञाला ते दिसणार नाही; तपासनिसालाही नाही, कारण दोन्ही रूपे शुद्धच आहेत. ही पाठचिकित्सा आहे, आणि ती विद्या आपली आहे.

म्हणून जुनी जोडणी काढण्यापूर्वी तिच्यावर विसंबलेला सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणावा, मुद्रित प्रतीशी ताडून पाहावा, आणि मगच नवी जोडणी निवडावी. तीही अशी, की उद्या ती गेली तरी मजकूर मागे राहील. ज्यांना हे मान्य नाही, त्यांनी पुढच्या संशोधकांना किल्ली कोण देणार, एवढे तरी सांगावे.