टॉनिकची बाटली आणि सीडी४

गेल्या वीकेंडला नगरला गेलो होतो. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय.) आईच्या ओट्यावर नवीन बाटली दिसली, 'इम्युनिटी बूस्टर'. किंमत बघून डोळे पांढरे झाले. आईशी वाद घातला आणि हरलो, म्हणून उरलेला इथे घालतोय :)

मंडळी, प्रतिकारशक्ती म्हणजे काही गच्चीवरची टाकी नव्हे, की पातळी उतरली, लावा मोटर. मला हे कळलं उशिरा, पण दिसलं होतं लहानपणीच. आमच्या वाड्यात एक काका भाड्याने राहायचे, छापखान्यात कामाला. वर्षभरात पार वाळून गेले. टीबी, तोंडात बुरशी, जुलाब... एकातून उठले की दुसरं. काकू टॉनिक आणायच्या, रिकाम्या बाटल्या खिडकीत ओळीने दिसायच्या. २००२ मध्ये काका गेले. एचआयव्ही हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारला नाही. 'झालाच कसा' याची चर्चा मात्र जिन्यात सगळ्यांनी केली.

आता बघा, बाधित पेशींना ठार करणाऱ्या टी पेशी असतात, सीडी८. एचआयव्हीचा मुख्य रोख त्यांच्यावर नसतोच. तो घुसतो सीडी४ मध्ये, म्हणजे मदतनीस टी पेशींमध्ये. या बहुतेक वेळा स्वतः मारामारी करत नाहीत. मग त्या गेल्या तर बिघडतं काय?

जवळपास सगळंच. जंतूचा किंवा कॅन्सरच्या पेशीचा तुकडा घेऊन डेंड्रायटिक पेशी जवळच्या लसिका गाठीत येते. मदतनीस पेशीने तो तुकडा ओळखला की ती डेंड्रायटिक पेशीला खूण देते आणि मग ती मारेकरी पेशीला नीट चेतवते. १९९८ मध्ये तीन गटांनी हे एकाच वेळी दाखवून दिलं. आमच्या भाषेत, दुसऱ्याचं अप्रूव्हल आल्याशिवाय कोड मर्ज होत नाही. काही जंतू स्वतःच इतका गोंधळ घालतात की पहिल्या खेपेला मदतनीसावाचून भागतं, पण तशा तयार झालेल्या मारेकरी पेशी पुढच्या खेपेला ढेपाळतात. टीबीचे जंतू गिळून बसलेल्या पेशींनाही 'आता मारा' हा निरोप मुख्यतः सीडी४ कडूनच येतो. काकांकडे निरोप देणारंच कोणी उरलं नव्हतं. टॉनिक कोणाला पाजणार?

कॅन्सरमध्येही तेच. रुग्णाच्याच टी पेशी बदलून परत सोडायच्या, ही कार-टी उपचारपद्धती. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. अमेरिकेत २०१० मध्ये ही ट्रीटमेंट घेतलेल्या दोन रुग्णांच्या रक्तात दहा वर्षांनीही या पेशी सापडल्या, आणि त्यातल्या बहुतेक सीडी४ निघाल्या. मारेकऱ्यांचं कौतुक करणाऱ्या आपल्या सिनेमाछाप डोक्याला हे पचत नाही.

बरं, नुसती 'वाढवून' तरी काय होणार? २०२५चं वैद्यकाचं नोबेल ब्रेक लावणाऱ्या टी पेशींच्या शोधाला मिळालं. तो ब्रेक निकामी झाला तर शरीर स्वतःवरच तुटून पडतं. माझं स्पष्ट मत: 'बूस्टर' हा शब्द बाटलीवर छापायलाच बंदी हवी.

भारतात एचआयव्हीची औषधं सरकारने मोफत द्यायला सुरुवात केली १ एप्रिल २००४ ला. काका गेल्यावर दोन वर्षांनी. २०१७ पासून तर सीडी४ किती उरल्यात याची वाटही बघत नाहीत, निदान झालं की गोळ्या सुरू. नगरमध्येच १९८९ साली सुरू झालेलं स्नेहालय बाधित मुलांना सांभाळतं. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. आपण मात्र बाटलीला पैसे मोजतो आणि तपासणीचं नाव काढलं की इकडेतिकडे बघतो. मीसुद्धा, पस्तिशीपर्यंत.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काकूंची तपासणी तेव्हा कोणी केलीच नाही रे."