आधी बॉयलर पेटू द्या, मग मोळी टाका



ऊस विकास अधिकाऱ्याने माशांवर का लिहावे, असे काहींना वाटेल. कारण साधे आहे. गटात फिरताना लागणीच्या नोंदीचे काम आटोपले की हल्ली पुष्कळ घरांतून एकच विचारणा होते, ‘साहेब, ते टाकीतले मासे आन् वरची भाजी, जमतं का हो आपल्याकडं?’

जमते. परसात हजार लिटरची टाकी, शेजारी खडी भरलेले वाफे आणि एक लहान पंप, एवढाच पसारा. माशांचे घाण पाणी वाफ्यात चढते, भाजी त्यातले खत घेते आणि निवळलेले पाणी परत टाकीत उतरते. खत विकत आणायला नको, पाणी थोडके लागते, घरच्या पोरांना मासळी आणि ताजा पालक मिळतो. याला अ‍ॅक्वापोनिक्स असे लांबलचक नाव आहे. पाटाचे पाणी सरीत सोडून बांधावर डुलकी काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यातून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे.

पण पुष्कळदा होते काय, की महिनाभराने पाहावे तर टाकी रिकामी आणि वाफ्यात तण. विचारले तर उत्तर ठरलेले, ‘मासे मेले. आपल्या हवेला हे मानवत नाही.’ हवेचा यात काही दोष नसतो. मासे लवकर सोडलेले असतात आणि जास्त सोडलेले असतात. आज टाकी बसवली आणि उद्या मासे सोडले, ही पद्धत बंद झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण समजून घ्या. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो, आणि उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. हा माशाला विष आहे. टाकीत दोन प्रकारच्या जिवाणूंची वस्ती झाली की पहिला प्रकार अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, ते रक्तात गेले की रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. शेवटचे नायट्रेट मात्र माशाला फारसे बाधत नाही आणि भाजीला आवडते. उसाला दिलेल्या युरियाचेही जमिनीत असेच रूपांतर होते. फरक इतकाच, की काळ्या जमिनीत हे जिवाणू वाडवडिलांपासून नांदत आहेत आणि नव्या टाकीत एकही नाही. त्यांची वस्ती खडीवर बसायला उबदार पाण्यात साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पौष-माघाच्या थंडीत त्याहून जास्त.

आपल्या कारखान्यात बॉयलरचे अग्निप्रदीपन आधी होते. वाफ तयार होते, मिल फिरवून पाहतात, आणि मगच गव्हाणीत मोळी पडते. बॉयलर थंड असताना कोणी गव्हाण भरली, तर उसाचे काय होईल हे तुम्हाला सांगायला नको. नव्या टाकीत शंभर मासे सोडणारा नेमके तेच करत असतो.

मग या पाच-सहा आठवड्यांत करायचे काय? टाकी भरावी, पंप चालू ठेवावा आणि रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून कुजू द्यावे. त्यातून अमोनिया होतो आणि जिवाणूंना खायला मिळते. एखाद्याची जुनी, निरोगी, चालू टाकी असेल तर तिच्यातली ओंजळभर खडी विरजण म्हणून आणावी. काम लवकर होते.

इथे एक इशारा. आपल्यापैकी कोणीतरी म्हणणारच, ‘अमोनियाच पाहिजे ना, मग मूठभर युरिया टाकू.’ अजिबात टाकू नये. एक तर हजार लिटरला चार-पाच ग्रॅमच्या वर युरिया लागत नाही, आणि आपला हात पोत्यातच जातो. दुसरे म्हणजे २०१५ पासून देशात तयार होणारा युरिया निंबोळी तेल लावलेला असतो. ते तेल लावण्याचा हेतूच असा, की जमिनीतल्या याच जिवाणूंचे काम मंदावे आणि नत्र उडून, वाहून जाऊ नये. शेतात जे गुणाचे आहे, तेच टाकीत मुळावर येते.

पाण्याचेही तसेच. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडर असते. ती मासे आणि जिवाणू दोघांनाही मारते, म्हणून पाणी एक-दोन दिवस उघड्यावर ठेवून मगच वापरावे. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. ते उंचावरून धार धरून पाडावे. सिमेंटची नवी टाकी चुना सोडते. दोन-तीनदा भरून रिकामी केल्याशिवाय तिच्यावर भरवसा नको, कारण पाणी अल्कधर्मी झाले की तेवढाच अमोनिया कितीतरी जास्त मारक होतो. खडी आपल्या काळ्या दगडाचीच घ्यावी. दुसरी असेल तर तिच्यावर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर ती चुनखडीची समजावी आणि वाफ्यात घालू नये.

आता मासे किती? इथेच खरा घोळ आहे. हजार लिटर पाण्यात वाढ पूर्ण झाल्यावर १० ते २० किलो मासे राहतील, एवढाच हिशोब धरावा. नवख्याने खालचा आकडा घ्यावा. अर्ध्या किलोचा मासा धरला तर १० किलोला वीस मासे झाले. विकणारा मात्र दोनशे बोटुकली गळ्यात मारतो, कारण बोटुकली स्वस्त आणि पिशवीत लहान दिसते. आडसाली उसाच्या डोळ्यावर बसून अंतर ठरवू नये, पक्क्या उसावरून ठरवावे, हे आपण सऱ्या पाडताना पाळतो. तेच इथे पाळायचे.

कमी मासे ठेवण्याचे आणखी एक कारण म्हणजे आपली वीज. पंप दोन-तीन तास बंद पडला तर विरळ टाकीतले मासे तग धरतात. दाट टाकीत पहाटेपर्यंत पांढरी पोटे वर येतात.

त्या वीसांतलेही पहिले पाच-सहाच सोडावेत. पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत घालावे आणि मासे आपणहून बाहेर पडू द्यावेत. पहिल्या दिवशी खाद्य नको. मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर ‘भुकेले दिसतात’ म्हणून मूठभर खाद्य टाकणारे मी पुष्कळ पाहिले. तो जीव गुदमरत असतो, आणि खाद्य म्हणजे आणखी अमोनिया. दोन आठवडे पाणी चांगले राहिले, तर बाकीचे सोडावेत.

जातीबद्दल थोडक्यात. कटला, रोहू, मृगळ हे शेततळ्याचे मासे आहेत. टाकीत त्यांचे मन रमत नाही. सायप्रिनस चालतो. थाई मागूर पाळण्यावर देशात बंदी आहे, तो कोणी कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नये. तिलापिया टाकीला उत्तम, पण त्याला परवानगीचे नियम आहेत; जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारावे. १९५२ साली देशात आलेला हा मासा किती पसरला, हे उजनीकाठच्या माणसाला विचारा. तिथे त्यालाच चिलापी म्हणतात. आणि घर माळकरी असेल तर शोभेचे गोल्डफिश सोडावेत. भाजीला कोणाचेही खत चालते.

काही विक्रेते म्हणतात, ‘आमची जिवाणूंची बाटली ओता, त्याच दिवशी मासे सोडा.’ बाटलीतले जिवाणू जिवंत असले तर मदत होते, नाही असे नाही. पण खरेखोटे पाण्याच्या चाचणीत कळते. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांचा चाचणी संच मिळतो. अमोनिया आधी वाढतो, मग नायट्राइट वाढते, आणि पुढे रोज खाद्य टाकूनही दोन्ही शून्यावर राहून नायट्रेट दिसू लागले की बॉयलर पेटला. तीन-चार घरांनी मिळून एक संच घ्यावा. टाकी, पंप आणि मासे एकाच दिवशी एकाच पावतीवर देणाऱ्याला निदान माशांचे पैसे आगाऊ देऊ नयेत.

यातून उसाचे उत्पन्न भरून निघेल अशी आशा कोणी लावली तर तीही सोडून द्यावी. ही परसबाग आहे. पण परसबागेचीही किंमत असते. ही टाकी बहुतेक घरांत बाईमाणूस आणि शाळकरी पोरे सांभाळतात. पहिल्याच महिन्यात शंभर मासे मेलेले पाहिले की त्या पोराचा हात कायमचा मागे सरतो, आणि ‘नवीन काही करायचे नाही’ हा धडा तो शेतातही घेऊन जातो. मला चिंता आहे ती याची. उद्या ठिबकचे आणि माती परीक्षणाचे सांगायला आम्हाला त्याच्याच दारात जायचे आहे.

ज्यांनी मासे आधीच सोडले आहेत आणि ते वर येऊन धापा टाकत आहेत, त्यांनी खाद्य ताबडतोब बंद करावे, तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी टीसीएल उडालेल्या पाण्याने बदलावे आणि पंप अखंड चालू ठेवावा. ज्यांची टाकी अजून कोरी आहे, त्यांनी खोडव्याची एक भांगलण होईपर्यंत नुसते पाणीच फिरवावे.

– ऊस विकास अधिकारी